अंदाज माझा, सही नवऱ्याची

देशकर साहेबांनी माझा कागद वाचलाच नाही. शेवटचं पान उलटलं, तळाचा आकडा पाहिला आणि हसले. जत्रेत पोराने हत्ती मागितला की बाप हसतो, तसं हसू.

"अकरा महिने?" ते म्हणाले. "शीलाबाई, पगाराचा प्रोग्राम हाय हा. धरन नाई बांधून राहिलो आपन."

तिथेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. छत्तीसगढात जामुलच्या रस्त्यावर आमचा खाजगी कारखाना होता. ओतकाम, लेथचं काम, मोठमोठ्या प्लांटांना लागणारे सुटे भाग. कामगार शेकड्यांनी आणि कॉम्प्युटर एक. त्या एका कॉम्प्युटरचा थाट असा की सगळ्या कारखान्यात एसी फक्त दोघांना, मालकाला आणि त्याला. चपला बाहेर काढून आत जायचं, नाहीतर धूळ जाते म्हणे. त्या खोलीत प्रोग्राम लिहायला मी आणि माझ्या हाताखाली केवलराम. मी गणितात बीएस्सी, नागपूरला कोर्स करून आलेली. देशकर साहेब पर्सोनेल मॅनेजर. वर्ध्याकडचे, म्हणून आमच्याशी मराठीत बोलायचे. ज्या गोष्टी हिंदीत मागायला त्यांनाही लाज वाटली असती, त्या ते मराठीत मागायचे, आणि सुरुवात करायचे "आपन आपलीच मानसं" अशी.

आमच्या कारखान्यात अंदाज देण्याची एक रीत होती. कुणालाही विचारा, काम किती दिवसांचं, तो मनातला आकडा दुप्पट करून सांगणार. साहेब तो अर्धा करणार. साहेबाला वाटणार, मी कापलं. कामकऱ्याला वाटणार, मी वाचलो. दोघंही खुशीत चहा पिणार. गवंडी तसाच, इलेक्ट्रिशियन तसाच, कॅन्टीनवाला लग्नाच्या जेवणाचा अंदाजही तसाच द्यायचा. केवलरामने मला आधीच सांगितलं होतं, "मॅडम, बाईस लिखो." मी लिहिलं नाही. मला या खेळाचा मनस्वी तिटकारा आहे. मी एकेक काम वेगळं काढून, कशाला किती लागेल ते लिहून, खाली बेरीज मांडली होती. खर्चही लिहिला होता: वीज गेल्यावर चालायला बॅटरीचा संच, माहिती भरायला आणखी एक माणूस. त्यात वाढवलेला एकही दिवस नव्हता. तेच माझं चुकलं असं सगळे म्हणाले, आणि अजूनही म्हणतात.

"तीन महिने," साहेब म्हणाले. "विश्वकर्मा पूजेले मालक नारळ फोडतीन. तारीख ठरली."

"तारीख ठरली होती तर मला विचारलं कशाला?"

"फाइलीत अंदाज लागते न."

मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि कागद पहिल्यांदा पुढून उघडला. बॅटरी मारली. माणूस मारला. आणि दोन ओळींवर जाड रेघ ओढली. त्या दोन ओळी सावडीच्या होत्या.

सावड म्हणजे काय ते सांगते. आमचे निम्मे कामगार आसपासच्या खेड्यांतले छत्तीसगढी. दिवाळीच्या सुमाराला धान कापायला आलं की ते गावी जाणारच, ब्रह्मदेव आला तरी थांबणार नाहीत. रजा मिळत नाही. मग साचे भरणारा मोल्डिंगचा फकिरा गावी जातो आणि दुसऱ्या पाळीतला त्याचा जोडीदार त्याचीही पाळी ओढतो. फकिरा परत आला की जोडीदार गावी जातो, आणि आता फकिरा दोन पाळ्या करतो. आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. फक्त वावराच्या जागी भट्टी. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातले मराठी कारकून त्याला सावडच म्हणायचे. ते दोघांचीही हजेरी ज्याच्या त्याच्या नावावर एकेक लावून टाकत. कुणाचं बुडत नसे, भट्टी थांबत नसे. नियमांच्या पुस्तकात मात्र यातलं अक्षर नव्हतं. पुस्तक म्हणतं, दहा दिवस न सांगता गैरहजर राहिला तर नाव काटा, आणि रोज दोन पाळ्या कोणी केल्या तर दुसरी धरू नका. प्रोग्रामला पुस्तक तेवढं कळणार. म्हणून मी लिहिलं होतं की सावड त्यात बसवायला वेळ हवा, आणि मग एक अख्खी कापणी हाताने काढलेला पगार आणि यंत्राने काढलेला पगार शेजारी ठेवून ताडायला हवा. कापणी वर्षातून एकदाच येते. साहेबाने पेन्सिल मारली म्हणून ती पावसाळ्यात येणार नव्हती.

"सावड कागदावर नाई," साहेब म्हणाले. "जे कागदावर नाई ते कॉम्प्युटरात कावून?"

"कागदावर नाही म्हणूनच वेळ लागतो."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. आवाज एकदम मऊ केला. "एक विचारू शीलाबाई? टाइम ऑफिसात देवराव तुमचाच नवरा न?"

मी म्हटलं, हो.

"अन् प्रोग्राम चालू झाला का टाइम ऑफिस बंद. सहा जनं घरी. मले समजते. अकरा महिने म्हनजे देवरावचे अकरा पगार. बाईमानूस घर पाहातेच. राग नाई मले."

त्यांना राग नव्हता! मी माझा कागद उचलला आणि त्या खोलीतून बाहेर आले. नवरा टाइम ऑफिसात म्हणून तर मला सावड माहीत होती. जेवताना तो सांगायचा, फकिराचं असं झालं, अमक्याच्या दोन पाळ्या तशा लावल्या. नाहीतर एसीच्या खोलीत बसून मला काय कळणार होतं? आणि तोच नवरा टाइम ऑफिसात म्हणून माझा आकडा खोटा ठरत होता. लग्न झालं नसतं तर माझा अंदाज चुकला असता आणि मंजूर झाला असता.

घरी आले तर तिथे दुसरीच तऱ्हा. हुडको कॉलनीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. सासूबाई, गिरजाबाई, वांगी चिरत बसल्या होत्या. देवराव माझ्या आधी आला होता आणि त्याला बातमीही कळली होती. घरात मी नवऱ्याला अहो म्हणते. इथे नावाने लिहिते आहे, कारण या गोष्टीत त्याने जे केलं ते अहोने केलेलं नाही, देवराव रामटेकेने केलं आहे.

"तू दोन वर्षं कावून नाई सांगतली?" तो म्हणाला. "दोन सांगतली असती तं एक भेटलं असतं."

"कारन दोन लागत नाईत."

"तुह्या एका आकड्यावर माही नोकरी टांगून हाय. समजते का तुले?"

"समजते. म्हनूनच खोटा सांगत नाई. आज तुमच्यासाठी वाढवला तं उद्या ते म्हनतीन तेवढा कमी करावा लागन."

"सांगून टाक न बाई," सासूबाई म्हणाल्या. "हो म्हनाचं अन् करत राहाचं. कोन मोजून राहिलं?"

साहेबाला तीन हवे होते, नवऱ्याला चोवीस. अकरा कुणालाच नको होते. मी भाकरी थापायला बसले ती इतक्या जोरात, की सासूबाई म्हणाल्या, परात फुटन.

देवराव वाईट माणूस नाही, हेही सांगायला हवं. मला नागपूरला कोर्सला पाठवलं तेव्हा वस्तीतल्या लोकांनी कमी नावं ठेवली नाहीत. त्याने सगळी ऐकून घेतली. चौदा एप्रिलला विहारात तो बायकांच्या शिक्षणावर भाषण करायचा आणि भाषणात माझं नाव घ्यायचा. पुढच्या रांगेत बसून ते ऐकताना मला लाजही वाटायची आणि अभिमानही. त्याच्या भाषणात खोटं काही नव्हतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याचा राग अजून उतरत नाही.

पुढच्या आठवड्यात मालकांनी बैठक बोलावली. मालक, देशकर साहेब आणि मी. मी माझा कागद पुन्हा स्वच्छ लिहून नेला होता, मारलेल्या ओळींसकट. आत गेले तर देवराव आधीच बसलेला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. सकाळी आम्ही एकाच सायकलवर आलो होतो. आपणही बैठकीला येणार हे त्याने सांगितलं नव्हतं.

मालक त्याच्याकडे वळून म्हणाले, "रामटेके जी, टाइम ऑफिस आप जानते हैं. मैडम ग्यारह महीने बोलती हैं. आपका क्या कहना है?"

"तीन महीने में हो जाएगा सर," देवराव म्हणाला. "सीधा काम है."

"और ये सावड क्या है?"

"पहले चलता था सर. अब बंद है."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्याच कापणीत फकिराची सावड त्याने स्वतः लावली होती आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन हसत हसत सांगितली होती. मी मराठीतच बोलले, "अहो, मागच्या दिवाळीले तुमीच तं..."

"मैडम, घर की बात घर में," मालक म्हणाले.

घरची बात! माझं काम, माझा कागद, माझा हिशेब, आणि ती घरची बात झाली. देशकर साहेबांनी टाइप केलेला नवा कागद पुढे सरकवला. त्यात तीन महिने होते. खाली दोन जागा: एक माझ्या सहीची, एक टाइम ऑफिसच्या संमतीची. देवरावने खिशातलं पेन काढून सही केली. मी केली नाही. पेनला हातही लावला नाही.

"राहू द्या," देशकर साहेब कागद उचलत म्हणाले. "नवऱ्यानं केली न. झालं."

मी त्याला बाहेर, मशीन शॉपच्या भिंतीपाशी गाठलं. आत लेथ करकरत होते. माझा आवाज त्यांच्याही वर गेला असावा, कारण दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले.

"काय देऊन राहिले तुमाले?"

"स्टोअरमधे घेऊन राहिले," तो म्हणाला. "स्टोअरकीपर. पक्की जागा."

"अन् बाकीचे पाच?"

"त्यायचं मी काय करू? मी तं तुलेच पहिले सांगतलं होतं. तू म्हने, मी कोनासाठी खोटं बोलत नाई. नको बोलू. मंग मी माहं पाहिलं."

"माह्या कामावर उभं राहून?"

"तुह्या कामानं मले खड्ड्यात टाकलं असतं शीला."

हे ऐकून माझा राग दुप्पट झाला. त्याची भीती खोटी नव्हती. अकरा महिन्यांनीही ते ऑफिस बंदच होणार होतं. पण म्हणून त्याने मला मालकासमोर खोटी पाडावं? भीती मला नव्हती? माझी नोकरीही त्याच कारखान्यात होती.

प्रोग्राम केवलरामला दिला. मला स्टोअरच्या मालाच्या याद्या टाइप करायला बसवलं, म्हणजे नवऱ्याच्या नव्या ऑफिसचं काम. केवलराम बिचारा दिवसभर मान मोडून लिहायचा. मधूनच माझ्याकडे पाहायचा. विचारलं तेवढं मी सांगितलं, सावडीचंही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, टाइम कहाँ है?" खरंच नव्हता. त्याच्यावर मी रागावले नाही. राग कुठे खर्च करायचा याचंही काही भान ठेवावं लागतं.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला मॉनिटरला कुंकू लावलं, कीबोर्डवर झेंडूची फुलं ठेवली. मालकांनी बुटांसकट आत येऊन उंबऱ्यावर नारळ फोडला. सगळ्यांना बुंदी वाटली. तिकडे टाइम ऑफिसला कुलूप लागलं आणि पाच माणसं डबे हातात घेऊन गेटबाहेर गेली. त्यांतले एक, बळीराम काका, माझ्या माहेरच्या नात्यातले. जाताना ते मला म्हणाले, "बाई, तुह्या मशीननं आमचं काम लवकर शिकलं." त्यांना वाटत होतं मीच केलं. मी काय सांगणार? बुंदी माझ्या हातातच चिकट होऊन बसली होती.

पहिला पगार बरोबर निघाला. देशकर साहेबांनी दारात उभं राहून मला मुद्दाम नमस्कार केला. मग धान पिकलं. फकिरा गावी गेला, त्याचा जोडीदार दोन्ही पाळ्या ओढू लागला, दरवर्षीसारखाच. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता हजेरी लावणारं कुणी माणूस नाही. पगाराच्या दिवशी खिडकीवर फकिराचं नाव नव्हतं. नुसता पगार कमी नाही, नावच नाही. जोडीदाराच्या सगळ्या दुसऱ्या पाळ्या शून्य. आणि असा फकिरा एकटा नव्हता, असे प्रत्येक खात्यात होते.

फकिरा चपला न काढता आमच्या खोलीत आला. मोठा, काळाकभिन्न, भट्टीवर भुवया जळालेला माणूस, आणि आवाज एकदम लहान. "मोर पगार कहाँ गिस, दीदी?"

मी त्याला खरं सांगितलं. तुझं नाव यंत्राने काटलं, कारण तू गैरहजर होतास. त्याने विचारलं, पण काम तर झालं ना? काम झालं होतं. ज्या साच्यांतून माल निघाला ते साचे कुणीतरी भरलेच होते. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि मला तो उचलून खिडकीबाहेर फेकावा असं वाटलं. त्याची काही चूक नव्हती, तरीही.

दुपारपर्यंत सगळे गेटवर बसले. भट्टी पेटती ठेवायला कुणी उठेना. भट्टी थंड झाली की आतला धातू गोठतो आणि मग नुकसान मालकाचं होतं. म्हणून तेव्हा कुठे मालकांना सावड म्हणजे काय ते जाणून घ्यावंसं वाटलं.

मला आत बोलावलं. दाराबाहेर देशकर साहेब उभे होते, कपाळावर घाम. "शीलाबाई, आपन आपलीच मानसं," ते घाईघाईने म्हणाले. "देवरावनं लपवलं, एवढंच सांगा. तसंही त्यानं तुमच्यासंग काय कमी केलं? सेक्शनच्या इन्चार्ज तुमीच होसान. मी शब्द देतो."

म्हणजे आधी नवऱ्याची सही बायकोविरुद्ध वापरली, आता बायकोची जीभ नवऱ्याविरुद्ध. या माणसाला आमचा संसार म्हणजे टेबलावरचा पेपरवेट वाटत होता. मी त्यांना ओलांडून आत गेले.

मालकांनी विचारलं, "सावड चल रहा है, ये किसको मालूम था?"

"मुझे," मी म्हटलं. "मैंने लिखकर दिया था. देशकर साहब को मालूम था, उन्होंने काट दिया."

"और?"

तिथे थांबता आलं असतं. मालकांना तेवढंही पुरलं असतं. देवरावचं नाव मी माझ्या उत्तरातून गाळलं असतं तर जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गाळून गाळूनच तर ही वेळ आली होती, आणि मला ज्याने सर्वांत जास्त दुखावलं त्याच्यासाठी मी गाळावं असं मला वाटेना.

"और मेरे पति को मालूम था," मी म्हटलं. "उन्होंने आपके सामने झूठ बोला. स्टोअर की नौकरी के लिए."

मी हे न्यायासाठी बोलले की सूड म्हणून? दोन्ही होतं. रागाने बोललं म्हणून ते कमी खरं झालं नाही.

देशकर साहेबांना रायपूरच्या ऑफिसात पाठवलं, त्याच पगारावर. टाइम ऑफिसचं कुलूप निघालं, बळीराम काका आणि बाकीचे चौघे परत आले. फकिराचं नाव पुन्हा चढलं. माझा कागद मारलेल्या ओळींसकट मंजूर झाला, बॅटरीसह, माणसासह. देवरावला काढून टाकलं. एक त्यालाच.

सासूबाई माझं ताट वाढेनाशा झाल्या. मी माझं वाढून घेऊ लागले. देवरावशी मी बोलत नव्हते. भांडत नव्हते, टोमणे मारत नव्हते; बोलतच नव्हते. तो सकाळी खुर्सीपारला एका दुकानात हिशेब लिहायला जायचा, दुपारी परत यायचा. मला बसस्टॉपवर सोडायला सायकल काढून उभा राहायचा आणि मी पायी निघून जायची.

एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. तो बादलीतून एकेक कपडा पिळून माझ्या हातात देत होता. मीही घेत होते.

"असं किती दिवस चालन शीला?" तो म्हणाला. "काई अंदाज?"

माझ्या मनात पहिल्यांदा शिवीच आली. मग मला जाणवलं की तो थट्टा करत नव्हता. तो खरोखर विचारत होता, आणि अंदाज कुणाकडून घ्यावा हे आता त्याला कळलं होतं. मीही खरोखर विचार केला. ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले आणि आतल्या आत शोधू लागले की हा राग कुठे संपतो. त्याची सही आठवली. लेथच्या आवाजात त्याने जे म्हटलं ते आठवलं. विहारातलं भाषण आठवलं. माझं उत्तर आठवलं, मालकासमोरचं. कुठेच कड लागेना.

"माईत नाई," मी म्हटलं. "अन् कमी करून मी सांगनार नाई."

तो शर्ट पिळत राहिला. पाणी कधीच संपलं होतं, तरी पिळत राहिला.

"मंग जास्त करून सांग," तो म्हणाला. "म्हनजे संपनार हाय, एवढं तं कळन मले."

मला तोही आकडा सांगता आला नाही.